बिनपूजेचा पेनड्राइव्ह

घाटकोपरच्या भटवाडीतून, जयवंत धुरीच्या घरून फोन आला की समजायचं, कोणीतरी गेलं. लोकांना याची इतकी सवय झाली होती की तो नंबर दिसला की बायका आधी गॅस बंद करायच्या आणि मग फोन उचलायच्या. एकदा जयवंतच्या बायकोने, मालनने, मुलुंडच्या एका बाईला नुसतं हळदीकुंकवाला बोलवायला फोन केला, तर त्या बाईने काही ऐकायच्या आधीच गळा काढला. तिला गप्प करता करता मालनच्या नाकी नऊ आले, आणि हळदीकुंकवाचं सांगायचं राहूनच गेलं.

ही माणसं मालवण तालुक्यातल्या एकाच गावची. त्यांचे बाप-आजे गिरणीत लागले, गिरण्या बंद पडल्यावर बिऱ्हाडं उपनगरांत पांगली, पण गावाचं मुंबईतलं मंडळ तेवढं टिकलं. भावकीत मयत झालं की सुतक पाळायचं, आणि सुतक पाळायचं तर आधी कळायला हवं. निरोप उशिरा पोचला म्हणून सुटका नाही. दिवस उलटून गेले असले तरी ऐकल्या जागेवरून उठून डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच पुढचं बोलायचं, अशी रीत. म्हणून गावाहून एक फोन जयवंतकडे येई आणि तिथून तो वाकोला, गोवंडी, मुलुंड, बोरिवली असा घरोघर जाई.

आता, जयवंतच्या घरून फोन जाई म्हणजे जयवंत फोन करी, असं मात्र नाही. समोर बसलेल्या माणसाशी तो दोन शब्द बोलला तरी पुष्कळ. फोन कानाला लावला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्याचं काम वेगळं होतं. अंधेरीला एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत तो कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागला आणि तिथेच निवृत्त झाला. तिथे शिकलेल्या फॉक्सप्रोच्या जोरावर त्याने घरी मंडळासाठी एक प्रोग्राम लिहिला. नाव, पत्ता, फोन, गावातली वाडी, भावकी. मयत झालं की त्या भावकीची नावं पडद्यावर यायची. मालन एकेक नंबर फिरवायची, आणि निरोप दिला की जयवंत त्या नावापुढे 'कळवले' अशी नोंद करायचा. ज्यांना सांगायचं राहिलं त्यांची यादी प्रोग्राम उघडल्याबरोबर समोर यायची, 'कळवणे बाकी' अशा मथळ्याखाली. विसरायला होऊ नये म्हणून ही युक्ती त्यानेच केली होती.

फोन चालू असताना मालन मधेच त्यावर हात ठेवून म्हणायची, "अहो, लिहा." आणि ती सांगेल ते जयवंत जसंच्या तसं टाईप करायचा. ऑपरेटरची सवय, समोरून आलेला शब्द बदलायचा नाही. त्यातून प्रत्येक नावाखाली एक शेऱ्याचा रकाना भरत गेला. गोवंडीच्या माधुरीखाली होतं: 'आधी तिच्या मुलाच्या नोकरीचं विचारायचं, मग निरोप. उलटं केलं तर रुसते.' मुलुंडच्या देवव्रतखाली: 'इंग्रजीत सुरू करतो. आपण मालवणीत बोलत राहायचं, येतो हळूहळू ठिकाणावर.' बोरिवलीच्या एकीखाली: 'सासू जवळ असली की राँग नंबर म्हणते. दुपारी परत करावा. बिचारी.' वाकोल्याच्या भाऊरावखाली: 'फोन उचलला तरी लगेच बोलत नाही. आपण थांबायचं. हॅलो हॅलो केलं तर चिडतो.'

मूलबाळ नव्हतं. मालन बोलायची, जयवंत लिहायचा, असा तो संसार. मयताचा निरोप द्यायचा तरी ती मागून अर्धा तास गप्पा मारायची, कोणाचं गुडघ्याचं दुखणं, कोणाच्या सुनेचं डोहाळजेवण. तिचं बोलणं ऐकत जयवंत शेजारी बसलेला असायचा. स्वतः न बोलताही आपण पुष्कळ माणसांत आहोत, असं त्याला तेव्हा वाटायचं.

चार वर्षांपूर्वी श्रावणात मालनला ताप आला. तापाचा न्यूमोनिया झाला, आणि आठवड्याच्या आत ती गेली.

मंडळाचा सेक्रेटरी सुयोग पवईला एका मोठ्या कंपनीत होता. पोरगा कामाचा. त्याने दहा मिनिटांत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालनचा फोटो टाकला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि बघता बघता खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यातल्या किती जणांनी फोन बाजूला ठेवून अंघोळ केली असेल, देव जाणे. पण ज्यांच्याकडे साधे बटणांचे फोन होते, असे म्हातारेकोतारे राहिलेच. तिसऱ्या दिवशी जयवंतने कॉम्प्युटर लावला, मालनच्या नावावर मयताची नोंद केली, 'कळवणे बाकी'ची यादी काढली आणि फोन हातात घेतला. मालन गेली हे सांगायला मालनच हवी होती. त्याने फोन खाली ठेवला.

मग दहा दिवस झाले, महिना झाला, वर्ष झालं. आता कुठल्या तोंडाने सांगायचं, आणि एव्हाना सगळ्यांना कुठून ना कुठून कळलंच असेल, असं तो स्वतःला समजावत राहिला. फोन त्या घरातून जायचे बंद झाले, आणि मग यायचेही बंद झाले. गावाहून येणारा निरोप आता थेट ग्रुपवर जाऊ लागला. चाळ जाऊन तिथे बिल्डिंग झालेली, त्यामुळे दारं बंद. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा. कधी कधी दोन दोन दिवस जयवंतचा स्वतःचा आवाज त्याच्या कानावर पडायचा नाही. माणूस एकटा पडतो म्हणजे आणखी काय होतं?

दुपारी जेवण झालं की तो मात्र कॉम्प्युटर लावायचा. पडद्यावर पहिल्यांदा 'कळवणे बाकी' यायचं. तो न वाचता एस्केपचं बटण दाबायचा आणि शेरे उघडायचा. 'बिचारी' वाचलं की मालन ते कसं म्हणाली होती ते ऐकू यायचं. तिचा एकही आवाज कुठे रेकॉर्ड केलेला नव्हता. फोटो होते, पण फोटोत ती गप्प होती आणि गप्प असलेली मालन ही काही मालन नव्हे. ती बोलायची ती फक्त त्या रकान्यात.

आणि या आषाढात एका दुपारी त्याने बटण दाबलं, तर कॉम्प्युटरने दोन वेळा करकर केलं आणि पडदा काळाच राहिला.

स्टेशनाजवळ शिवदासचं दुरुस्तीचं दुकान होतं. तो जयवंतच्याच वयाचा, टीव्ही दुरुस्त करता करता कॉम्प्युटरपर्यंत आलेला. त्याने डबा उघडला, हार्ड डिस्क कानाशी धरून हलवली आणि बाजूला ठेवली. "गेली ही. वाट लागली हिची. बॅकअप आहे ना?"

"आहे ना. मालन होती तोवर दर दसऱ्याला घेतलाय," जयवंत म्हणाला. बॅकअप न घेणाऱ्यांतला तो नव्हता.

घरी येऊन त्याने आधी सुयोगला फोन केला. आपणहून कोणाला फोन करायची वेळ फार दिवसांनी आली होती.

"काका, टेन्शन नका घेऊ," सुयोग म्हणाला. "नावं-नंबर आहेत माझ्याकडे. मागे तुम्ही एक फाइल मेल केलेली ना, ती आम्ही ॲपमध्ये टाकली. सगळं सेफ आहे."

"त्यात शेरे नसतील. शेऱ्यांची फाइल वेगळी असते."

"कसले शेरे?"

"असंच. कोणाशी कसं बोलायचं, ते."

"मग सोडा ना काका. आता कोण बोलतंय फोनवर? तुम्ही आराम करा."

पोरगा वाईट नव्हता. पण म्हाताऱ्याला वाटेतून बाजूला करायचं असलं की हल्लीची मुलं त्याला आराम देतात. जयवंत 'बरं' म्हणाला. आपल्याला हवं ते जगात दुसऱ्या कोणालाच नको आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळलं. नावं-नंबर गेले असते तर मंडळ धावून आलं असतं. शेऱ्यांसाठी धावणारा तो एकटाच होता.

त्याचे बॅकअप देव्हाऱ्यात होते. ही मालनची व्यवस्था. दसऱ्याला ती घरातली सगळी हत्यारं मांडायची: विळी, हातोडी, पक्कड, मिक्सर, आणि मधोमध कॉम्प्युटर. त्या दिवशी जयवंत बॅकअप घेऊन नवा कोरा पेनड्राइव्ह तिच्या हाती द्यायचा. ती त्याला गंध लावायची, वर हळद, वर ओलं कुंकू, वर अक्षता, आणि झेंडूचं फूल. "तुमच्या सगळ्या माणसांचा जीव आहे यात," म्हणायची. मग तो पेनड्राइव्ह देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत जायचा, आणि पूजेला लावलेली वस्तू परत वापरायची नसते म्हणून डबी कोणी उघडायचं नाही. एवढा जन्म कॉम्प्युटरपुढे घालवलेल्या जयवंतने एकही बॅकअप कधी उघडून पाहिला नव्हता. देवापाशी ठेवलेलं खराब होईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

डबी घेऊन तो दुकानात गेला. शिवदासने पहिला पेनड्राइव्ह उचलला, उजेडात धरला आणि जयवंतकडे पाहिलं. पत्र्याच्या तोंडात कुंकू घट्ट बसलं होतं, त्याखाली हिरवट गंज. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याच्या तोंडात तर अख्खा तांदळाचा दाणा अडकलेला. शिवदासने ब्रशने, स्पिरिटने सगळे साफ केले, एकेक लावून पाहिले. एकच उघडला. त्यात नावं-नंबर दिसले, आणि शेऱ्यांची फाइल उघडायला गेलं की मशीन बंद पडू लागलं.

"वहिनी करायच्या का पूजा?" शिवदासने विचारलं.

"हो."

"मनापासून केलीये."

दोघांनाही थोडं हसू आलं. मालनचं बोलणं जपायला म्हणून ठेवलेलं, मालननेच कुंकू लावून बुजवलं होतं. जयवंतला तिचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा, की नुसतं एक प्लास्टिकचं टोपण घाल गं, एवढं आपण कधी म्हटलं नाही. तिथे स्टुलावर बसल्या बसल्या त्याला वाटलं की मालन आता दुसऱ्यांदा गेली, आणि यावेळी श्रद्धांजली वाहायलाही कोणी नाही.

शिवदास पेनड्राइव्ह पुसून परत डबीत भरत होता. "हे सगळे देवातले झाले," तो सहज म्हणाला. "एखादा बिनपूजेचा नाही राहिला का घरात?"

जयवंत नाही म्हणणार होता. मग तो थांबला.

मालन गेली त्या वर्षी घरात सण नव्हता. तोरण नाही, गोडधोड नाही, पूजा नाही. पण हाताला वळण पडलेलं. दसऱ्याच्या दिवशी त्याने सवयीने बॅकअप घेतला होता, आणि घेऊन झाल्यावर त्याला समजेना की आता हा द्यायचा कोणाला. गंध न लावता देव्हाऱ्यात कसा ठेवायचा? त्याने तो तसाच कुठेतरी ठेवून दिला. पूजा झाली नाही म्हणजे तो बॅकअप झालाच नाही, असं त्याच्या मनाने धरलं होतं, म्हणून इतक्या दिवसांत त्याची आठवणही झाली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या दिवसांत हाताला येईल ते सगळं तो एकाच पिशवीत कोंबत होता. हॉस्पिटलातून आणलेली पिशवी. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ती तशीच होती, गाठ मारलेली. जयवंत घरी आला, स्टूल घेतलं, पिशवी खाली काढली आणि बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसला. गाठ सुटेना. शेवटी त्याने विळीवर कापली. आत फाइल, एक्स-रे, तिचा फणी-कंगव्याचा डबा, चष्मा, अर्धी बिस्किटं, आणि तळाशी कोरा करकरीत पेनड्राइव्ह. चष्म्याच्या काचेवर तिचं बोट उमटलेलं होतं. त्याने चष्मा न पुसता परत ठेवला आणि मग तो रडला, मोठ्याने. शेजारी ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून लाजायचंही कारण नव्हतं.

शिवदासने जुन्या कॉम्प्युटरला कुठली तरी वापरलेली हार्ड डिस्क बसवून दिली. पुढचं जयवंतने घरीच केलं. पेनड्राइव्ह लावला, तो निमूट उघडला. फाइली एकामागून एक उतरल्या. शेरे उघडले तर आधी नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं, कावळ्याच्या पायांसारखी. जयवंत घाबरला नाही, त्याला माहीत होतं. जुना मराठी फॉन्ट त्याच फोल्डरात होता. तो टाकला, प्रोग्राम बंद करून परत उघडला, आणि सवयीने एस्केप दाबून शेऱ्यात जाऊन पाहिलं. गोवंडीची माधुरी. 'आधी तिच्या मुलाच्या नोकरीचं विचारायचं.' मग बोरिवली. 'बिचारी.'

मालन आली. त्याने त्या दुपारी सगळे शेरे वाचून काढले, चहा प्यायचाही राहिला.

पण रिस्टोअरची एक गंमत असते. आपल्याला हवं तेवढंच परत येत नाही, होतं ते सगळं येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्राम उघडला तर पडद्यावर पहिल्यांदा तीच पाटी, तेव्हा होती तशी. मालन जयवंत धुरी. कळवणे बाकी. आणि खाली नावं.

त्याचं बोट एस्केपवर गेलं. पण आज ते दाबवेना. इतकी धडपड करून आणलेलं, त्यातलं हे एक पान तेवढं तिचं नाही, असं कसं म्हणायचं? तो नावं वाचत खाली गेला. बरीचशी आता राहिली नव्हती, ग्रुपवर त्यांचेही फोटो येऊन गेले होते. न कळताच गेली. तेवढ्यात वाकोल्याचा भाऊराव दिसला. जयवंतचा थोरला चुलतभाऊ. पाय अधू झाल्यापासून घराबाहेर पडत नव्हता. त्याचा मुलगा ग्रुपवर होता, मालनच्या फोटोखाली हात जोडणाऱ्यांत तो पहिला होता. म्हणजे घरी सांगितलं असेलच. तरी जयवंतने शेरा उघडून ठेवला आणि नंबर फिरवला.

फोन उचलला गेला. पलीकडे काहीच आवाज नाही. जयवंतच्या तोंडावर 'हॅलो' आलं होतं. त्याने पडद्याकडे पाहिलं. 'आपण थांबायचं.' तो थांबला. पलीकडे कोणीतरी खाकरलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.

"कोण गेलां?" भाऊरावने विचारलं.

"दादानू, मी जयवंत."

"तां माका कळलां. कोण गेलां तां सांग." जयवंत शेऱ्यात पुढचा शब्द शोधू लागला, तसा भाऊराव कंटाळला. "मालन खंय आसा? तिका दी फोन. तुका बोलूक जमणा नाय."

जयवंतने डोळे मिटले. "मालन गेली, दादानू."

"कधी?"

"चार वर्सा झाली."

परत काही आवाज नाही. जयवंत थांबला. या खेपेला शेऱ्यात पाहायची गरज पडली नाही.

"इतकी वर्सा तिचो फोन येवक नाय," भाऊराव सावकाश म्हणाला. "मी म्हटलंय, बरां झालां. फोन नाय म्हणजे कोण मरूक नाय. सगळी बरी आसत." मग थोड्या वेळाने, "माका कळवूक होयां होतां रे."

"होय," जयवंत म्हणाला.

"थांब. फोन ठेव नको. मी आंगोळ करून येतंय."

फोन कशावर तरी टेकवल्याचा आवाज आला. मग काठीचा, मग ओढत नेलेल्या पायांचा. कुठेतरी नळ सुरू झाला, बादली भरू लागली. भरायला वेळ लागला, वाकोल्यात दुपारचं पाणी बारीकच येतं. मग पहिला तांब्या डोक्यावर पडला, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून थंडीने 'हर हर' निघालं. दुसरा पडला. तिसरा पडला. जयवंत फोन कानाशी घट्ट धरून ते पाणी ऐकत राहिला. त्याच्या गालावरून ओघळत होतं ते त्याने पुसलं नाही.

काठी परत जवळ आली. खुर्ची करकरली.

"हां," भाऊराव म्हणाला. दात वाजत होते. "आता सांग. पयल्यापासून सांग. माका घाई नाय."

"श्रावणात तिका ताप इलो," जयवंत म्हणाला, आणि सांगू लागला.